मुलांच्या मेंदूतील धमनीविस्फार : वेळेचे मोल

आम्ही इतिहासाचे शिक्षक; वैद्यक हा आमचा प्रांत नव्हे. तथापि वसतिगृहातील मुलांचे आम्ही पालकही असल्याने हा विषय समजून घेणे आम्हांस अगत्याचे वाटले.

मेंदूला रक्त पुरविणाऱ्या धमनीची भिंत एखाद्या जागी दुबळी होऊन फुग्यासारखी बाहेर येते. यासच धमनीविस्फार किंवा अ‍ॅन्युरिझम म्हणतात. एकूण रुग्णांत मुलांचे प्रमाण पाच टक्क्यांहूनही कमी. डोक्यास झालेली इजा, हृदयाच्या झडपेतील जंतुसंसर्ग, धमनीतील जन्मजात दोष ही मुलांतील काही कारणे होत. मुलांत हे फुगे आकाराने फार मोठे असण्याचा संभवही प्रौढांपेक्षा अधिक.

१९३७ साली अमेरिकेत वॉल्टर डँडी यांनी फुग्याच्या मानेवर चांदीची क्लिप बसवून या शस्त्रक्रियेचा पाया घातला. आज सूक्ष्मदर्शकाखाली टायटॅनियमची क्लिप बसवितात. १९९० पासून दुसरा मार्ग खुला झाला : जांघेतील धमनीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन प्लॅटिनमच्या तारेची वेटोळी फुग्यात भरणे. फुगा याही उपायांना दाद देणारा नसेल, तर ती धमनीच बंद करून आवश्यकतेनुसार रक्तास पर्यायी वाट करून देतात. मुलापुढे अवघे आयुष्य असते. म्हणून उपचारानंतरही अनेक वर्षे तपासणी चालू ठेवावी लागते.

फुगा फुटल्यास अचानक असह्य डोकेदुखी, उलट्या, मान ताठरणे, झटके येणे, शुद्ध हरपणे ही लक्षणे दिसतात. पुन्हा रक्तस्राव होण्याचा धोका पहिल्या चोवीस तासांत सर्वाधिक असतो. ‘डोके दुखते’ म्हणणाऱ्या मुलास अभ्यासाचा कंटाळा आला असे समजून आम्ही कित्येकदा वर्गात परत धाडले आहे, हे येथे कबूल केले पाहिजे. प्रत्येक डोकेदुखी हा आजार नव्हे. पण अशी अकस्मात उठलेली तीव्र वेदना थट्टेवारी नेण्याजोगी नाही. झटका आलेल्या मुलास कांदा हुंगविणे वा अंगारा लावणे म्हणजे मोलाचा वेळ दवडणे होय. प्रत्येक घटनेस कारण असते, हीच तथागतांची शिकवण.

खर्चाच्या धास्तीनेही पालक थबकतात. २ जुलै २०१२ रोजी राज्यातील ज्या आठ जिल्ह्यांत शासकीय जीवनदायी योजना प्रथम सुरू झाली, त्यांत सोलापूर होते. आज ती महात्मा ज्योतिराव फुले यांच्या नावाने चालते व तीत मेंदूच्या शस्त्रक्रियांचाही समावेश आहे. म्हणून अशा प्रसंगी आधी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी; कागदपत्रे मागाहून जमविता येतात.