खड्ड्यात पुरलेली पिल्ले

माझा मेव्हणा महाड तालुक्यात राहतो. भाताच्या दोन खाचरांवर घर चालत नाही, म्हणून बायकोच्या नावे बचत गटाचे कर्ज काढून त्याने बदकांची 200 पिल्ले आणली. पाचव्या दिवशी पहाटे आमच्या करी रोडच्या खोलीत फोन वाजला. "दाजी, रात्रीत 40 गेली. मोठी सहा बदकं मात्र ठणठणीत आहेत. काय करू?"

काय करायचे ते मलाही माहीत नव्हते. चार दिवसांत जेमतेम 20 पिल्ले उरली. मेलेल्यांच्या माना पाठीकडे ताणलेल्या होत्या, म्हणून गावकरी म्हणाले, मानमोडी आली. घाण नको म्हणून मेव्हण्याने सारी पिल्ले खड्ड्यात पुरली आणि वर माती ओढली.

आमच्यापासून पायी जाण्याच्या अंतरावर परळला 1886 सालचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याच्यावरून आयुष्यभर येजा केली, पण आत पाऊल टाकले ते त्या दिवशी पहिल्यांदा. तिथल्या एका डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतले आणि पहिला प्रश्न केला, "मोठी बदके मेली का?" नाही म्हटल्यावर ते म्हणाले, प्लेग असता तर मोठीही मेली असती. फक्त पिल्लेच जातात तेव्हा विषाणूमुळे होणाऱ्या हिपॅटायटिसचा, म्हणजे यकृताच्या दाहाचा संशय घ्यावा लागतो.

हा रोग 1949 साली अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड बेटावरील बदकांच्या फार्ममध्ये उघडकीस आला. आठवड्याच्या आतली पिल्ले असतील तर शंभरातली 95 सुद्धा जाऊ शकतात. महिना उलटलेली बहुधा वाचतात. आजारी पिल्लू कळपाच्या मागे राहते, डोळे अर्धवट मिटून बसते, कुशीवर पडून पाय झाडते आणि तासा-दोन तासांत मरते. रोग पसरतो तो विष्ठेतून. बरे झालेले पिल्लूसुद्धा कित्येक आठवडे विष्ठेतून विषाणू टाकत राहते. ओल्या तुसात तो महिनाभर टिकतो आणि उंदीरही त्याला इकडून तिकडे नेतात.

घरी येऊन हे सांगितले तर आईने कपाळाला हात लावला. "म्हणजे कावीळच की! पोरांना गावी पाठवू नका." तिची भीती अगदीच खोटी नव्हती. पिण्याच्या नळात गटाराचे पाणी मिसळले की चाळीच्या चाळी पिवळ्या पडतात, हे तिने पाहिले आहे. पण ती कावीळ माणसांच्या विषाणूंची, बदकांची नव्हे. पिल्लांचा हा रोग माणसाला होत नाही. गंमत अशी की बदकांत आणखी एक विषाणू सापडतो, तो आपल्या हिपॅटायटिस बी चा लांबचा भाऊबंद. हा विषाणू आपली संख्या कशी वाढवतो, हे समर्स आणि मेसन या शास्त्रज्ञांनी 1982 साली बदकांवरूनच उलगडले.

मग पिल्ले नक्की कशाने गेली? डॉक्टरांनी दुसरा प्रश्न केला होता, "पेंड कुठली घातली?" बुरशी लागलेली शेंगदाण्याची पेंड बदकाच्या पिल्लाच्या यकृताला विषासारखी बाधते. विषाणूच्या रोगात यकृत सुजते आणि त्यावर रक्ताचे ठिपके उठतात. नुसत्या नजरेने हा संशय घेता येतो; खात्री मात्र प्रयोगशाळेतच होते. तिथे यकृताचा अंश उबवणीच्या अंड्यात टोचतात किंवा आता पीसीआर चाचणी करतात. मेव्हण्याजवळ तपासायला काहीच उरले नव्हते. पुरावा खड्ड्यात सडला होता.

नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरची गोष्ट अनेकांना आठवत असेल. 2006 च्या सुरुवातीला तिथे कोंबड्या मरत होत्या आणि तिथेही लोक राणीखेत, म्हणजे मानमोडीच समजत होते. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि 18 फेब्रुवारीला बर्ड फ्लू जाहीर झाला. भारतातली ती पहिलीच नोंद. मग लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. माणसांपैकी कुणालाही लागण झाल्याचे सिद्ध झाले नाही, पण कुक्कुटपालकांची कंबर मोडली. केरळात कुट्टनाडच्या बदकांवर 2014 साली तीच पाळी आली. बर्ड फ्लू माणसाला क्वचित होतो, पण होतो. म्हणून एकाएकी पक्षी मरू लागले की उघड्या हाताने उचलू नयेत आणि ओढ्यात तर मुळीच फेकू नयेत. ताजे मेलेले दोन-तीन पक्षी दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत घट्ट बांधून बर्फात ठेवावेत आणि त्याच दिवशी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. तिथून नमुने पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे पाठवता येतात.

मेव्हणा पुन्हा पिल्ले आणतो आहे, यंदा 50 च. जुने तूस त्याने जाळून टाकले, उंदरांची बिळे बुजवली, मोठी बदके घराच्या पलीकडच्या अंगाला नेली. पहिले पाच आठवडे पिल्लांकडे फक्त त्याच्या बायकोने जायचे, तेही चपला बदलून. कर्जाचे सात हप्ते अजून बाकी आहेत. दवाखान्याचा नंबर तिने खुराड्याच्या फळीवर कोळशाने लिहून ठेवला आहे.