पुण्याहून समुद्राकडे

पुण्यापासून अरबी समुद्र सरळ रेषेत मोजला, तर १०० किलोमीटरांच्या आसपास आहे. तरीही पुण्यात पडलेला पाऊस त्या समुद्रास मिळत नाही. मुळा-मुठेचे पाणी पूर्वेकडे वाहत जाऊन भीमेला मिळते, भीमा कृष्णेला मिळते, आणि अखेर ते पाणी दूरच्या बंगालच्या उपसागरात पोचते. शेजारचा समुद्र टाकून नद्यांनी हा लांबचा मार्ग का पत्करावा? याचे उत्तर सह्याद्रीपाशी आहे. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीच्या पठारावर वसले आहे. या पठाराची पश्चिमेकडील कड सह्याद्रीच्या रूपाने आणखी उंचावते आणि मग एकाएकी कोकणात तुटते. नद्यांना ती कड ओलांडता येत नाही. माणसाने मात्र तीत घाटवाटा शोधल्या. म्हणूनच पहाटे पुण्याहून निघालेला प्रवासी दुपारच्या आत समुद्राकाठी उभा राहतो आणि रात्रीपर्यंत घरी परततो.

यांपैकी जुना व वहिवाटीचा मार्ग बोरघाटाचा. या घाटातून १८३० मध्ये गाडीरस्ता झाला, १८६३ मध्ये आगगाडी धावू लागली, आणि २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. घाट उतरून खोपोली व पेण मागे टाकले, की अलिबाग येते. हे अंतर सुमारे १४५ किलोमीटर भरते. दुसरा मार्ग ताम्हिणी घाटाचा. पौड सोडल्यावर मुळशीचा विस्तीर्ण जलाशय लागतो. या धरणाखाली आपल्या जमिनी जाऊ नयेत म्हणून मावळ्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह आरंभिला आणि सेनापती बापट त्याचे अग्रणी झाले. परंतु धरण झालेच, व अनेक गावे पाण्याखाली गेली. येथे मुळा नदीची दिशाच पालटली आहे. जलाशयातील पाणी मोठ्या नळांतून भिरा येथे खाली सोडून वीज निर्माण करतात, आणि तेच पाणी पुढे कुंडलिका नदीतून रेवदंड्याजवळ अरबी समुद्रास मिळते. जे नदीला आपल्या बळावर जमले नाही, ते तिच्याकडून असे करवून घेतले आहे. या वाटेने घाट उतरून माणगावास पोचल्यावर दिवेआगर, श्रीवर्धन व हरिहरेश्वर यांकडे जाता येते. पावसाळ्यात हा घाट फार देखणा दिसतो; पण त्याच दिवसांत दरडी कोसळतात आणि समुद्रही खवळलेला असतो. त्यामुळे सहलीचा खरा हंगाम हिवाळ्याचाच.

रस्त्याची माहिती कोणीही सांगतो. समुद्राचे वेळापत्रक मात्र फार थोडे प्रवासी पाहून निघतात, आणि एका दिवसाच्या सहलीत सारे काही त्यावरच अवलंबून असते. समुद्राचे पाणी चंद्र व सूर्य यांच्या आकर्षणाने दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते. पूर्ण भरतीपासून पूर्ण ओहोटीपर्यंत सहा तासांहून थोडा अधिक वेळ लागतो. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तितकीच पुढे सरकते. हे गणित कोकणातील कोळ्यांनी फार सोप्या रीतीने बसविले आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली, की भरतीची वेळ निघते. अष्टमीस आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी व सायंकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती आणि दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमेस पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. हा अदमास होय. नेमकी वेळ छापील कोष्टकांत पाहावी लागते. पौर्णिमा व अमावास्या यांच्या सुमारास पाणी फार चढते व फार उतरते, त्यास उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास चढउतार थोडा असतो, तो भांग.

अलिबागच्या समुद्रात उभ्या असलेल्या कुलाबा किल्ल्यास जावयाचे, तर हे गणित लगेच उपयोगी पडते. हा किल्ला शिवाजी महाराजांच्या अखेरच्या काळात बांधावयास घेतला गेला, आणि पुढे तो कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे मोठे ठाणे बनला. चोहोकडे खारे पाणी असूनही आतील विहिरीचे पाणी गोडे आहे. ओहोटीच्या वेळी तेथवर चालत जाता येते. द्वादशीच्या दिवशी अकरा वाजता पोचलेल्या प्रवाशाला थोडे थांबावे लागते. नऊला भरती होऊन गेलेली असते, तीनच्या सुमारास पाणी पुरते ओसरते, आणि किल्ला पाहून त्यानंतर तासाभरात परत फिरणे इष्ट असते. तोच प्रवासी पौर्णिमेस आला, तर दुपारभर त्याला किल्ला काठावरूनच पाहावा लागेल. हरिहरेश्वराची प्रदक्षिणाही अशीच. डोंगराच्या पायथ्याशी लाटांनी व खाऱ्या वाऱ्याने कोरलेल्या जाळीदार खडकांवरून ती वाट जाते. ओहोटीत ती मोकळी असते, भरतीत तिच्यावर लाटा फुटतात. तेथील ग्रामस्थ थांबावयास सांगतात, तेव्हा ते उगाच अडवीत नसतात.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीस आलेले १४ विद्यार्थी बुडून मृत्युमुखी पडले. नदीत किंवा तलावात पोहणाऱ्यालाही समुद्र ओळखीचा नसतो. लाटांनी किनाऱ्याकडे लोटलेले पाणी परत जाताना पुष्कळदा एखाद्या अरुंद पट्ट्यातून वेगाने आत ओढले जाते. तेथे लाटा कमी फुटतात, म्हणून ती जागा नवख्याला इतर ठिकाणांपेक्षा शांत वाटते. या ओढीत सापडलेला माणूस सरळ किनाऱ्याकडे पोहू लागला, तर थकून जातो. त्याने किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर पडावे व मग काठाकडे वळावे. पोहवत नसेल तर पाण्यावर तरंगत राहून हात उंच करावा. काठावरच्यांनी एकामागोमाग पाण्यात उड्या घेऊ नयेत. दोर, रिकामा डबा, असे तरंगणारे जे हाती लागेल ते फेकावे आणि कोळ्यांना हाक मारावी. पाणी कोठे ओढते, हे त्यांना ठाऊक असते. त्यांना विचारल्याशिवाय घोट्यावर पाणी येईल इतकेही पुढे न जाणे बरे.

सायंकाळी निघण्याची वेळ झाली, तरी पाय उचलत नाहीत. पुण्याच्या मुलांनी सूर्य डोंगराआड जाताना पाहिलेला असतो. तो पाण्यात उतरताना पाहावयाचा, तर हिवाळ्यात सहा वाजेपर्यंत थांबावे लागते. मग घाट अंधारात चढावा लागतो. वळणावळणाने गाडी वर येऊ लागली, की कानांत दडे बसतात, हवा गार होते, आणि रात्री दहाच्या सुमारास पुण्याचे दिवे दिसू लागतात.