शेपटीची भीती

२ एप्रिल २०२२ ची संध्याकाळ. त्या दिवशी गुढीपाडवा होता. रमजानचा चाँदही त्याच संध्याकाळी दिसला. चाँद पाहायला गच्चीवर आलेले लोक अजून घरात गेले नव्हते. एवढ्यात महाराष्ट्राच्या अनेक भागांत आकाशातून जळते गोळे रांगेने जाताना दिसले. कोणी म्हणाले, "उल्का पडली!" कोणी म्हणाले, "विमान जळाले!" चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात धातूचे एक मोठे कडे जमिनीवर पडलेले सापडले. तेव्हा तज्ज्ञांनी सांगितले, की तो एका अग्निबाणाचा भाग होता.

खरी गोष्ट कळण्याआधीच तर्क पसरतात. आकाशात काही नवीन दिसले, की असे नेहमी होते. सर्वांत जास्त अफवा उठतात त्या धूमकेतूविषयी.

धूमकेतू म्हणजे काय? उर्दूत आपण त्याला 'दुमदार सितारा' म्हणतो. पण तो तारा नाही. तो बर्फ आणि धूळ यांचा गोळा असतो. सूर्याजवळ आला, की त्याच्या बर्फाची वाफ होते. ही वाफ आणि धूळ सूर्याच्या विरुद्ध दिशेला लांबवर पसरते. तीच त्याची शेपटी.

हॅलेचा धूमकेतू सुमारे ७६ वर्षांनी सूर्याजवळ येतो. १९१० साली तो आला, तेव्हा शास्त्रज्ञांनी त्याच्या प्रकाशाची तपासणी केली. शेपटीत सायनोजन नावाचा वायू आढळला. हा वायू विषारी आहे. मे महिन्यात पृथ्वी त्या शेपटीतून जाईल, असेही गणिताने दिसत होते. या दोन्ही गोष्टी शास्त्रज्ञांनीच सांगितल्या होत्या.

फेब्रुवारी १९१० मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स' या वर्तमानपत्राने एक बातमी छापली. फ्रान्सचे खगोलशास्त्रज्ञ कामिय फ्लामारियाँ यांच्या मते हा वायू हवेत मिसळून पृथ्वीवरील जीवसृष्टी नष्ट होऊ शकेल, असे त्या बातमीत होते. बहुतेक खगोलशास्त्रज्ञांना हे मान्य नाही, कारण शेपटी अतिशय विरळ असते, हेही त्याच बातमीत लिहिले होते. पण बातमीचा पहिला भाग लोकांच्या तोंडी झाला आणि दुसरा भाग कागदावरच राहिला.

मग भीतीचा बाजार सुरू झाला. अमेरिकेत 'धूमकेतूच्या गोळ्या' विकल्या गेल्या. विषारी वायू आत येऊ नये म्हणून काही लोकांनी कुलपांची छिद्रेसुद्धा बुजवली. १८ आणि १९ मे हे दिवस उगवले आणि मावळले. कोणालाही काही झाले नाही. गोळ्या विकणाऱ्यांचा फायदा मात्र झाला.

विष होते, तर काही झाले कसे नाही? हॅलेचा गोळा केवळ १५ किलोमीटर लांब आहे. त्यातून निघालेली वाफ आणि धूळ मात्र कोट्यवधी किलोमीटर पसरते. आपल्या शहरातील आमखास मैदानात अत्तराचा एकच थेंब टाकला, तर मैदानाच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाला सुगंध येईल का? धूमकेतूची शेपटी तर याहून कितीतरी विरळ असते.

आज विज्ञान पुढे गेले आहे. अफवाही पुढे गेल्या आहेत. १ जुलै २०२५ रोजी चिली देशातील एका दुर्बिणीला सूर्यमालेबाहेरून आलेला एक धूमकेतू दिसला. त्याचे नाव थ्री-आय ॲटलस. हे परग्रहावरील लोकांचे यान असावे, अशा बातम्या जगभर पसरल्या. १९ डिसेंबर २०२५ रोजी तो पृथ्वीच्या सर्वांत जवळ आला. तेव्हाही तो आपल्यापासून सुमारे २७ कोटी किलोमीटर दूर होता.

मग बातमी ऐकली, की काय करावे? ती पूर्ण वाचावी. हे कोणी सांगितले? कशावरून सांगितले? इतर जाणकार काय म्हणतात? अंतर किती आहे? हे चार प्रश्न विचारावेत. विचारायला जागाही आहे. १९१० साली आपले शहर निजामाच्या राज्यात होते. तेव्हा हैदराबादला नवाब जफर जंग यांनी १९०१ मध्ये स्थापन केलेली निजामिया वेधशाळा होती. आज आपल्या छत्रपती संभाजीनगरातच महात्मा गांधी मिशनचे खगोल विज्ञान केंद्र आहे.

हॅलेचा धूमकेतू १९८६ साली येऊन गेला. आता तो २०६१ साली येईल. तेव्हा तुम्ही पन्नाशीच्या आसपास असाल. घरातील लहान मुले घाबरून तुमच्याकडे येतील. त्यांना दाराआड लपवू नका. हात धरून गच्चीवर न्या आणि तो दुमदार सितारा दाखवा. असा पाहुणा माणसाच्या आयुष्यात बहुधा एकदाच येतो.