पोटरी, बेटकुळी आणि बाहुली

पाणलोटाचे काम पाहण्यासाठी आम्ही काही शिक्षकांबरोबर पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीला गेलो होतो. समतल चर पाहत उतार चढताना एका बाईंच्या पोटऱ्या भरून आल्या. दगडावर बसत त्या म्हणाल्या, "या दुखणाऱ्या स्नायूला पुस्तकात गॅस्ट्रॉक्नीमिअस म्हणतात. पाठ करताना आमचा जीव जायचा, आता मुलांचा जातो."

वाट दाखवायला आलेल्या नववीतल्या मुलाने विचारले, "पण बाई, त्याचा अर्थ काय?"

अर्थ त्याच्याच तोंडी रोज असतो. ग्रीक भाषेत 'गॅस्टेर' म्हणजे पोट आणि 'क्नीमी' म्हणजे गुडघ्याखालचा पाय. पायाचे पोट ते गॅस्ट्रॉक्नीमिअस. आपल्या 'पोटरी'तही पोट उघड दिसते. हे सांगताच मुलगा म्हणाला, "ज्वारीपण पोटरीत येते की!" हे आम्हांला सुचले नव्हते. कणीस बाहेर पडण्याआधी शेंड्याच्या पानाचे आवरण फुगते, त्या अवस्थेला शेतकरी पोटरी म्हणतात. इंग्रजीत तिला 'बूट' अवस्था म्हणतात. तिथेही पायच आठवला!

शरीरशास्त्राचे इंग्रजी शब्द अवघड वाटतात ते बहुतेक ग्रीक आणि लॅटिन आहेत म्हणून. ज्यांनी ते प्रथम वापरले त्यांना ते अवघड नव्हते. त्यांनी घरातल्या, रानातल्या वस्तूंची नावे अवयवांना दिली. गुडघ्यावरच्या हाडाचे नाव 'पटेला', म्हणजे लहानसे पसरट भांडे. आपण म्हणतो गुडघ्याची वाटी. नडगीचे हाड 'टिबिया', म्हणजे पावा. अशा हाडांचे पावे करीतही असत.

'मसल' या शब्दाची गोष्ट अधिक गमतीची आहे. लॅटिन 'मस्क्युलस' म्हणजे छोटा उंदीर. दंड आवळला की कातडीखाली काहीतरी सरकते, ते रोमनांना उंदरासारखे वाटले. आपल्याकडची पोरे दंडाची बेटकुळी काढून दाखवतात. त्यांना तिथे बेडूक दिसला. लॅटिनमधला उंदीर 'मूस' आणि संस्कृतातला 'मूषक' एकाच मूळ शब्दापासून निघालेले आहेत, हे जाता जाता सांगायला हवे. मात्र बेटकुळी कोणी लॅटिनमधून उचललेली नाही.

डोळ्याच्या मध्यभागी दिसणाऱ्या काळ्या वर्तुळाला इंग्रजीत 'प्युपिल' म्हणतात. लॅटिन 'प्युपिला' म्हणजे लहान मुलगी किंवा बाहुली. ग्रीकांनी त्याला 'कोरी' म्हटले, तिचाही अर्थ मुलगी. संस्कृतात 'कनीनिका', तीही लहान मुलगीच. आणि मराठीत डोळ्यातली बाहुली. चार भाषांना एकच गोष्ट का सुचावी? वर्गात दोन मुलांना समोरासमोर, अगदी जवळ उभे करा आणि एकमेकांच्या डोळ्यांत पाहायला सांगा. पारपटल बहिर्वक्र आरशाचे काम करते. त्यात पाहणाऱ्याची छोटी, सुलटी प्रतिमा दिसते आणि मागच्या काळोखामुळे ती उठून दिसते. ती प्रतिमा म्हणजेच बाहुली! प्रकाशाच्या परावर्तनाचा धडा सुरू करायला आम्हांला तरी याहून चांगली जागा माहीत नाही. विद्यार्थ्यालाही इंग्रजीत 'प्युपिल' म्हणतात. पालकाच्या आश्रयाखालचे मूल, या अर्थाने तोही त्याच कुळातून आला आहे.

सगळीच साम्ये अशी स्वतंत्रपणे उगवलेली नसतात. अक्कलदाढेतली 'अक्कल' अरबी आहे. अरबी, लॅटिन आणि इंग्रजी तिन्ही भाषांत ही दाढ शहाणपणाचीच. ग्रीक वैद्यकाचे ग्रंथ अरबीत आणि अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये गेले, त्या वाटेने शब्दही फिरले. माकडहाडाचे तसे नाही. पाठीच्या कण्याच्या टोकाला ग्रीकांनी 'कॉक्सिक्स' म्हटले, कारण त्यांना ते कुकू पक्ष्याच्या चोचीसारखे दिसले. तिथे शेपटीचे अवशेष आहेत हे पाहता आमचे मत माकडाला! (माणूस आजच्या माकडांपासून झाला, असे मात्र यावरून शिकवू नये, दोघांचे पूर्वज समान.)

एका शाळेत विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत 'बेटकुळी' लिहिले, तेव्हा शिक्षकांनी त्यावर लाल रेघ मारून 'ग्राम्य' असा शेरा दिलेला आम्ही पाहिला आहे. बेटकुळी म्हणजे फुगवटा, पूर्ण स्नायू नव्हे. म्हणून 'द्विशिर स्नायू' ही संज्ञा हवीच. पण 'मस्क्युलस'ही मुळात तितकाच ग्राम्य होता. व्याख्या करून करून तो काटेकोर झाला. मुलाला 'चूक' म्हणण्याऐवजी 'एवढ्याने भागत नाही' म्हणता आले असते. त्या लाल रेघेनंतर तो मुलगा घरचे शब्द वर्गात आणीत नाही, आणि पुस्तकातले शब्द घरी नेत नाही.

फुलांच्या बाबतीतही असेच. पुंकेसराला 'स्टॅमेन' म्हणतात, ते लॅटिनमध्ये मागावरच्या ताण्याचे सूत. 'पोलन' म्हणजे बारीक पीठ. 'पिस्टिल' म्हणजे खलातला बत्ता, फुलाच्या मध्यभागी उभा. आपल्या 'केसर' आणि 'पराग' या शब्दांत केस आणि धूळ आहे. जास्वंदीचे फूल उभे कापून दाखवा, मग सूत, पीठ आणि बत्ता वेगळे पाठ करावे लागत नाहीत.

उतरताना त्या मुलाने झाडांची शास्त्रीय नावे विचारली. कडुनिंब 'ॲझाडिरॅक्टा इंडिका'. त्यात फारसी 'आझाद दरख्त' आहे, स्वतंत्र झाड. कुऱ्हाडबंदीच्या गावात ते शोभते. चिंच 'टॅमरिंडस इंडिका'. अरबांनी तिला 'तमर हिंदी', हिंदुस्थानचा खजूर म्हटले. 1753 साली लिनियसने त्याच शब्दाला पुढे 'इंडिका' जोडले, म्हणजे ती दोनदा हिंदी झाली. झाड मात्र मूळचे आफ्रिकेतले.

"मग नाव बदलत का नाहीत?" मुलाने विचारले. नामकरणाच्या नियमांनुसार अर्थ चुकला म्हणून नाव बदलता येत नाही, असे आम्ही सांगितले. त्याला ते फारसे पटलेले दिसले नाही.