परिशिष्टं वाचणारी माणसं

वीजदरवाढीची बातमी येते तेव्हा मथळ्यात टक्के असतात, खाली एखाद्या पुढाऱ्याचा निषेध असतो आणि तिसऱ्या दिवशी सगळं थंड होतं. दरवाढ ज्या कागदांवरून ठरते, ते मात्र फारसं कोणी उघडत नाही. वीज कंपनीची याचिका शेकडो पानांची असते. आधी कंपनीच्या अडचणी, मग इंधनाचे भाव, मग गळती, आणि सगळ्यात शेवटी परिशिष्टं: बारीक अक्षरातले, एकमेकांत अडकलेले तक्ते. खरी गोष्ट पुष्कळदा तिथेच दडलेली असते. पुण्यात कोथरूडला, जोशींच्या छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे त्या गल्लीत, हे तक्ते मन लावून वाचणारी एक संस्था आहे. तिचं नाव प्रयास. १९९४ साली ती सुरू झाली. आरोग्य हा तिचा एक गट, ऊर्जा हा दुसरा. हा लेख ऊर्जा गटाबद्दल आहे.

‘पर्यावरण संस्थेत शाश्वत ऊर्जेवर फेलोशिप’ म्हटलं की कॉलेजातल्या मुलामुलींच्या डोळ्यांसमोर सौर पॅनेल आणि पाड्यावर लागलेला पहिला दिवा येतो. जाहिरातींतले फोटोही तसेच असतात. त्या कामाला मी नावं ठेवत नाही. पण प्रयासमध्ये येणाऱ्याच्या वाट्याला मुख्यतः येतात ते वीजदर ठरवणाऱ्या नियामक आयोगाचे आदेश, करारांच्या प्रती आणि एक्सेल. फोटो काढण्यासारखं त्यात काही नाही. आणि तरीही गेल्या तीस वर्षांत महाराष्ट्रातल्या विजेच्या धोरणावर टेबलाशी बसून केलेल्या या कामाचा जेवढा ठसा उमटला, तेवढा फार थोड्या संस्थांचा उमटला असेल.

ऊर्जा गट उभा राहिला तो गिरीश संत, शंतनू दीक्षित आणि सुबोध वागळे या तरुणांच्या कामातून. गिरीश संत आयआयटी मुंबईत शिकलेले. नर्मदेच्या धरणांवरून वाद पेटला होता तेव्हा ‘दुसरा मार्ग कोणता, तो आकड्यांत दाखवा’ या प्रश्नाला भिडलेल्यांपैकी ते एक. बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेतले अमूल्य रेड्डी यांनी तोवर कर्नाटकासाठी एक वेगळं गणित मांडलं होतं. पुढच्या दहा वर्षांत किती मेगावॉट लागतील हा प्रश्न आधी विचारूच नका, असं रेड्डी म्हणत. माणसाला उजेड हवा असतो, शेतात पाणी हवं असतं, दळण दळून हवं असतं. वीज हे त्याचं साधन. तेवढाच उजेड आणि तेवढंच पाणी कमी विजेत मिळत असेल, तर नव्या वीजघराची गरजच पुढे ढकलली जाते. पुण्याच्या मंडळींनी हीच रीत महाराष्ट्राला लावून पाहिली.

तेवढ्यात एन्रॉन ही अमेरिकी ऊर्जा कंपनी आली. तिच्या दाभोळच्या वीज प्रकल्पाचा खरेदी करार डिसेंबर १९९३ मध्ये झाला आणि राज्यभर रणकंदन माजलं. विरोधक म्हणाले लाच, समर्थक म्हणाले विकास. प्रयासने कराराची कलमं घेऊन आकडेमोड केली आणि १९९५ साली ती प्रसिद्ध केली. गोम इथे होती की वीज घ्या वा न घ्या, राज्याच्या वीज मंडळाने स्थिर आकार भरायचाच होता, आणि कराराचा मोठा भाग डॉलरशी जोडलेला होता. म्हणजे मागणी कमी झाली की तोच स्थिर आकार कमी युनिटांवर वाटला जाणार आणि युनिटचा भाव आभाळाला भिडणार. मे १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला आणि झालं तेच. पुढे एका टप्प्यावर भाव युनिटला सात रुपयांच्या वर गेला. मे २००१ मध्ये मंडळाने खरेदी थांबवली आणि त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेत एन्रॉनचं दिवाळं निघालं. १९९५ च्या त्या हिशेबाला लागलं होतं ते करार पूर्ण वाचण्याची चिकाटी आणि बारावीपर्यंतचं गणित. घोषणांच्या गदारोळात तेवढंच दुर्मीळ होतं.

मला स्वतःला एन्रॉनपेक्षाही मोठं वाटतं ते शेतीपंपांचं प्रकरण, कारण त्यात खलनायक परदेशी नव्हता. बहुतेक पंपांना मीटर नव्हते, बिल अश्वशक्तीवर. मग पंपांनी किती वीज वापरली हे कोण सांगणार? मंडळच. साधा हिशेब करू. पाच अश्वशक्तीचा पंप म्हणजे साधारण पावणेचार किलोवॉट. तो वर्षाला हजार तास चालला असं धरलं, तर सुमारे ३,७०० युनिट. दोन हजार तास धरले की दुप्पट. पंप तोच, विहीर तीच. बदलला तो फक्त गृहीत धरलेला आकडा. राज्यात असे लाखो पंप. तारांतून गळलेली आणि आकडे टाकून चोरलेली वीज या गृहीतकाच्या पोटात बिनबोभाट मावत होती. गळती कागदावर आटोक्यात आणि ‘फुकट वीज खाणारा शेतकरी’ ही प्रतिमा जनमानसात पक्की, असा दुहेरी लाभ.

विहिरीत पाणी किती महिने असतं, पिकं कोणती, पंपांना वीज पोचवणाऱ्या वाहिनीवर, म्हणजे फीडरवर, दिवसाला वीज किती तास येते, हे प्रयासने पाहिल्यावर मंडळाचे तास टिकेनात. १९९९ साली महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग स्थापन झाला आणि पहिल्या दरनिश्चितीच्या सुनावणीत हा मुद्दा मांडला गेला. आयोगाच्या २००० सालच्या आदेशात गळतीचा आकडा मंडळ सांगे त्यापेक्षा कितीतरी वर गेला. मुंबई ग्राहक पंचायत, विदर्भातली उद्योजकांची संघटना आणि प्रयास अशा संस्थांना आयोगाने ग्राहकांचे प्रतिनिधी म्हणून मान्यता दिली. शेतीच्या विजेचा नेमका आकडा किती, यावर आजही वाद होतात. पण तो आकडा कोणी विचारायचाच नाही, हे दिवस गेले.

नंतरचं एक काम तरुण अभ्यासकांनी मुद्दाम पाहावं असं आहे. सरकारी व्याख्येप्रमाणे गावातल्या दहा टक्के घरांत वीज पोचली की गाव ‘विद्युतीकृत’. खांब आला, तार आली, फलक लागला. पण संध्याकाळी सातला दिवा लागतो का? हे मोजायला प्रयासने एक छोटं यंत्र वापरलं. घरातल्या साध्या सॉकेटमध्ये ते खोचायचं. दर मिनिटाला ते व्होल्टेज टिपतं आणि मोबाइलच्या जाळ्यावरून पाठवून देतं. देशभर शेकडो ठिकाणी, झोपडीत, दुकानात, शेतावर ही यंत्रं बसली आणि त्यांच्या नोंदी सगळ्यांना पाहायला खुल्या ठेवल्या गेल्या. नियमाप्रमाणे घरातलं व्होल्टेज २३० च्या सहा टक्के वरखाली, म्हणजे २१६ ते २४४ च्या दरम्यान हवं. कित्येक आलेखांत ऐन संध्याकाळी रेघ खाली कोसळलेली दिसते. वीज ‘आहे’, पण पंखा जेमतेम फिरतो. अशा रेघेसमोर अधिकाऱ्याला ‘तक्रार नाही’ म्हणणं जड जातं.

पंख्यांवरचं, वीज वाचवणाऱ्या उपकरणांवरचं प्रयासचं काम मोठं आहे, पण ते एका वाक्यात सांगता येतं: जुना पंखा ७५ वॉट खातो, नवा तीसच्या आसपास, आणि देशातल्या कोट्यवधी छतांना हा फरक लावला की काही वीजघरं बांधायचीच गरज पडत नाही. रेड्डींचं जुनं म्हणणं ते हेच.

सौर ऊर्जेकडे ही मंडळी वळली तीही हिशेबाच्याच वाटेने. शेतकऱ्याला रात्रपाळीची वीज मिळते. साप, बिबट्या, जागरण सगळं सोसून त्याने पाणी द्यायचं. एकेकाला सौर पंप देत बसण्याऐवजी उपकेंद्राजवळ काही मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारावा आणि शेतीचा अख्खा फीडर दिवसा त्यावर चालवावा, ही कल्पना प्रयासने लावून धरली. महाराष्ट्राची सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली याच धर्तीवर आली, राळेगणसिद्धीपासून सुरुवात झाली, आणि पुढे ती बरीच विस्तारली. अनुदानाचा बोजा कमी होतो, क्रॉस सबसिडीवरचा, म्हणजे एका ग्राहकाकडून जास्त दर घेऊन दुसऱ्याला दिलेल्या सवलतीवरचा, ताण हलका होतो, शेतकरी दिवसा पाणी देतो. एका दगडात इतके पक्षी मारणाऱ्या योजना सहसा कागदावरच राहतात. ही जमिनीवर उतरली याचं एक कारण तिचे आकडे आधीच तपासून तयार होते.

गिरीश संत २०१२ साली अचानक गेले, चाळिशीतच. संस्था थांबली नाही, कारण आकडे तपासायची सवय तोवर पुढच्यांना लागली होती. आयआयटीतून, अर्थशास्त्रातून, कायद्यातून मुलंमुली येतात. कोणी इंटर्न म्हणून, कोणी संशोधक म्हणून. घरच्यांचा प्रश्न ठरलेला: ‘एवढं शिकून एनजीओत?’ तरुणांना सामाजिक कामाकडे वळवणाऱ्या, डॉ. अभय बंग यांच्या ‘निर्माण’सारख्या उपक्रमांनी २००६ पासून हा प्रश्न थोडा बोथट केला आहे. पदवी झाल्यावर एखाद्या संस्थेत काही काळ काम करणं आता मराठी घरांत अगदीच वेडेपणात जमा होत नाही.

तरी फेलोशिपची ठरलेली मुदत या कामाला पुरत नाही, असं माझं मत आहे. आयोग दर ठरवतो ते काही वर्षांच्या टप्प्यांनी. याचिका, सुनावणी, आदेश, फेरविचार, अपील असा फेरा चालू राहतो. वर्षभरासाठी आलेल्या मुलाला तक्त्यातला कोणता रकाना कोणत्या रकान्याशी बोलतो हे उमगेपर्यंत निरोप समारंभ येतो. सौर दिवे वाटायला वर्ष पुरतं. देणगीदारांना एक वर्षाच्या तुकड्या सोयीच्या वाटतात, कारण अहवालात संख्या चांगली दिसते. प्रयाससारख्या ठिकाणी जे टिकले त्यांचं काम दिसायला पाच-सात वर्षं लागली.

संस्थेबद्दल एक तक्रारही आहे. हे सगळं लिखाण मुख्यतः इंग्रजीत. अमरावतीच्या सुनावणीत उठून बोलणारा शेतकरी मराठीत बोलतो, आणि त्याच्या बाजूचे आकडे इंग्रजी अहवालात असतात. शिवाय या मंडळींचा आवाज फार संयत. आंदोलनवाल्यांना तो मिळमिळीत वाटतो, कंपन्यांना खुपतो. मला स्वतःला तो संयम चालतो. भाषेची दरी मात्र चालत नाही.

आता प्रश्न बदलला आहे. दुपारी सौर वीज मुबलक, संध्याकाळी चणचण. केंद्राच्या २०२३ च्या नियमांनी सौर तासांतला दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी ठेवायला सांगितलं. पण दुपारी घरात असतं कोण? सवलत गिरणीमालकाला मिळेल की भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, रात्री नऊला कामावरून परतणाऱ्या बाईला? स्मार्ट मीटर बसत आहेत, म्हणजे या प्रश्नाचं उत्तर अर्ध्या अर्ध्या तासाच्या नोंदींत मिळू शकेल. त्या नोंदी वीज कंपन्यांकडे साठत आहेत. त्या वाचायला माणसं हवी आहेत, आणि वर्षाहून जास्त थांबणारी.