पाण्याचा एक प्रश्न, अनेक विषयांचे उत्तर

शाळेत घंटा होते, गणिताची वही मिटते आणि भूगोलाचे पुस्तक उघडते. पुन्हा घंटा होते आणि विज्ञानाचा तास सुरू होतो. वेळापत्रकाच्या सोयीसाठी ही विभागणी आवश्यकच आहे. परंतु शाळेबाहेरचे जीवन असे तासांत विभागलेले नसते. गावची विहीर उन्हाळ्यापूर्वीच का आटते, या साध्या प्रश्नात भूगोल आहे, गणित आहे, इतिहास आहे आणि ग्रामपंचायतीचा कारभारही आहे. अशा एका प्रश्नाच्या उत्तरासाठी निरनिराळ्या विषयांचे ज्ञान एकत्र आणून शिकविणे, यालाच आंतरविद्याशाखीय अध्यापन म्हणतात.

वर्ध्याचा वारसा

नाव नवे वाटले, तरी ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मूलोद्योगी शिक्षणाची योजना तयार केली. टकळीवर सूत काततानाच मुलाने तारा मोजाव्यात, कापूस कोठे व कसा पिकतो हे जाणावे, वस्त्रोद्योगाचा इतिहास समजून घ्यावा, अशी त्यामागील दृष्टी होती. यालाच समवाय असे नाव मिळाले. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही अनुभवातून शिकण्यावर व विषयांच्या परस्परसंबंधांवर भर दिला आहे.

छपरावरचा पाऊस

प्रत्यक्ष वर्गात हे कसे करावयाचे? शाळेच्या छपरावर पडणाऱ्या पावसाचे उदाहरण घेऊ. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे बरोबर एक लिटर पाणी होते. शाळेची इमारत 12 मीटर लांब व 6 मीटर रुंद असेल, तर क्षेत्रफळ 72 चौरस मीटर झाले. एखाद्या दिवशी 25 मिलिमीटर पाऊस झाल्यास छपरावर 1,800 लिटर पाणी पडते. हात धुण्यासाठी व झाडांसाठी प्रत्येकी दोन लिटर धरल्यास 90 मुलांना ते दहा दिवस पुरेल.

हे झाले गणित. परंतु छप्पर उतरते असेल, तर पन्हळीपर्यंतची तिरपी लांबी मोजावयाची, की छपराने जमिनीवर झाकलेली जागा? पाऊस आडव्या पृष्ठभागावरील पाण्याच्या उंचीने मोजला जातो, म्हणून जमिनीवरचे मापच धरावे लागते. भूमितीतील हा मुद्दा मुलांना येथे सहज उमगतो. प्रत्यक्षात टाकीत पाणी हिशेबापेक्षा कमी भरते. काही उडून जाते, काही छपरात मुरते, काहीची वाफ होते. पहिल्या पावसाचे पाणी धूळ व पक्ष्यांची विष्ठा घेऊन येते, म्हणून ते वाहू द्यावयाचे. हा विज्ञानाचा धडा. पाऊस काही महिन्यांतच का पडतो, हा भूगोलाचा. गावातील वडीलधाऱ्यांकडून 1972 च्या दुष्काळाच्या आठवणी ऐकून त्या शुद्ध मराठीत लिहून काढणे, हा भाषेचा आणि इतिहासाचाही.

पाणी आणि समाज

पाणी मोजता आले, तरी ते वाटावयाचे कसे, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर समाजाच्या अनुभवात सापडते. धुळे व नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम, आराम अशा नद्यांवर बंधारे घालून पाटाने शेतीला पाणी देण्याची फड पद्धत शतकानुशतके चालत आली. लाभक्षेत्राचे फड पाडावयाचे, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे आणि उपलब्ध पाणी पाहून कोणत्या फडाला किती द्यावयाचे हे ठरवावयाचे, असा तिचा रिवाज. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे पावसाची नोंद ठेवून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडला जातो व त्यावरून पिके ठरविली जातात. येथे गणित आणि नागरिकशास्त्र यांच्यातील भिंत उरत नाही.

काही पथ्ये

समवायाच्या प्रयोगांत एक दोषही दिसून आला होता. प्रत्येक पाठ उद्योगाशी जोडलाच पाहिजे, या आग्रहापायी संबंध ओढूनताणून लावले जात. तो दोष टाळावयास हवा. पाण्याचा विषय चालू आहे म्हणून पाण्यावरची कविता पाठ करून घेतली, एवढ्याने विषयांचा समन्वय होत नाही. त्या विषयावाचून प्रश्न सुटत नसेल, तरच त्याला बोलवावे. तसेच, अपूर्णांक व गुणाकार यांचा क्रमवार सराव स्वतंत्र तासांत चालूच राहिला पाहिजे. ज्याला गुणाकार येत नाही, त्याला छपरावरचे पाणीही मोजता येणार नाही.

माध्यमिक शाळेत विषयवार शिक्षक असतात. तेथे दोन आठवड्यांसाठी एक प्रश्न ठरवून गणित, विज्ञान, भूगोल व मराठीच्या शिक्षकांनी आधी एकत्र बसावे आणि आपापल्या तासात त्याचा एकेक भाग घ्यावा. द्विशिक्षकी प्राथमिक शाळेला मात्र हे काम अधिक सुलभ आहे. तेथे एकच गुरुजी किंवा बाई सर्व विषय शिकवितात. पहिली-दुसरीच्या मुलांनी पेल्याने पाणी मोजावे, तिसरीच्या मुलांनी रोजची नोंद तक्त्यावर करावी, चौथीच्या मुलांनी हिशेब करावा. जी उणीव मानली जाते, तीच येथे उपयोगी पडते.

पंचायतीचा वाटा

अशा शाळेला पंचायतीने फार काही द्यावयाचे नाही. एक पर्जन्यमापक, गावचा नकाशा आणि नळपाणी योजनेच्या नोंदी पाहण्याची मुभा एवढे पुरे. मुलांचा तक्ता पुढे ग्रामसभेत मांडला जावा. आपण मोजलेल्या आकड्यावर गावातील मोठी माणसे विचार करीत आहेत, हे पाहणाऱ्या मुलाला शिकावयाचे कशासाठी, हे निराळे सांगावे लागत नाही.