विहिरीत झाड पडलं नाही

वाळवी लागली म्हणून या पावसाळ्यात कपाट रिकामं केलं, तेव्हा वरच्या फळीवर पाच जुने कालनिर्णय सापडले, २०२० ते २०२४ चे. कपाट तसंच ठेवून दुपारभर ओटीवर ते वाचत बसले. एकादशी, ग्रहणं आणि दुधाचे खाडे यांच्यामधल्या इवल्या जागेत पेन्सिलीने एकेक ओळ लिहिलेली आहे. पहिली ओळ ३ जून २०२० च्या चौकटीत, आईच्या अक्षरात: 'विहिरीत झाड पडलं नाही.'

त्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर धडकलं. किहीमला सुरूची झाडं मुळासकट आडवी झाली, नारळी-पोफळी मोडल्या. आमच्या घराची निम्मी कौलं गेली. टाळेबंदीआधी चार दिवसांसाठी म्हणून नगरहून आलेली आई माझ्याकडेच अडकली होती. संध्याकाळी ओल्या खाटेच्या कडेला बसून तिने रोजच्यासारखी उपासना सुरू केली. मी चिडून म्हटलं, "आई, आज कसले उपकार मानतेस?"

"कौलं गेली, आढं आहे ना? मग आढ्याचं बोल," ती म्हणाली. "'सगळ्याबद्दल' म्हटलं की काहीच म्हटलं नाही, बाळ. नेमकं सांग."

मराठीत घरच्यांचे आभार मानायची रीत नाही. 'आपल्यात कसले आभार?' असंच आपण म्हणतो. आभार सभेच्या शेवटी मानायचे; आणि उपकार म्हणजे डोक्यावरचं ओझं, कधीतरी फेडायचं. मराठी ख्रिस्ती घरांत मात्र 'उपकारस्तुती' हा शब्द रोजच्या तोंडचा. मला तो फार मोलाचा वाटतो. जे फेडता येणार नाही, ते गायचं, एवढं त्या एका शब्दात आहे. आणि त्या गाण्याला मराठी गळा दिला तो ना. वा. टिळकांनी. १८६१ मध्ये कोकणातल्याच करजगावी जन्मलेल्या या कवीने १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढे अभंग नि भजन चर्चमध्ये आणलं. आईचा जीव मात्र त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर. नवऱ्याच्या बाप्तिस्म्याने मोडलेला आणि काही वर्षांनी पुन्हा जुळलेला तो संसार 'स्मृतिचित्रे'त वाचताना ती दरवेळी थांबून म्हणायची, "इतकं सोसलं बाईने, पण जीभ कडू झाली नाही."

वीज नव्हती त्या दिवसांत आम्ही विहिरीकाठच्या सुगरणी बघत बसायचो. मी तिला सांगितलं, सलीम अली १९३० साली, हातात नोकरी नसताना, इथेच किहीमला राहिले आणि सुगरणीची घरटी निरखत बसले. नर अर्धं घरटं विणतो, मादी ते तपासते, पसंत पडलं तर तो ते पुरं करतो आणि दुसऱ्याच्या मागे लागतो, हे त्यांनी इथे पाहून लिहिलं. आई जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पाखरांकडे बघा, असं येशूने सांगितलं. आम्ही नुसतं वाचलं. त्यांनी बघितलं."

२०२१ आणि २०२२ च्या ओळी आता वाचताना नवल वाटतं. 'थळच्या मावशीने पांढऱ्या कांद्याची माळ भाव न करता दिली.' 'पोपटीचं मडकं फुटलं नाही.' 'रात्री औषधाने झोप लागली.' तिचं दुखणं या अशा ओळींतूनच कळत जातं. त्याबद्दल वेगळी तक्रार कुठेच नाही. अक्षर तेवढं मोठं होत गेलं आणि चौकटीबाहेर जाऊ लागलं.

फेब्रुवारी २०२३ मध्ये आई गेली. त्यानंतर ऑगस्टअखेरपर्यंत सगळ्या चौकटी कोऱ्या. भेटायला येणारी माणसं मायेनेच सांगायची, उपकार मान, ती प्रभूकडे गेली. मला ते जमलं नाही, आणि दुःखात असलेल्या कुणाला तसं सांगावं असं मला आजही वाटत नाही. स्तोत्रं लिहिणारे स्तुतीपर्यंत पोचण्याआधी किती ओळी नुसतं रडतात! आईच्या पवित्र शास्त्रात त्या ओळींखालीही पेन्सिलीच्या रेघा आहेत.

सप्टेंबरात एका रविवारी एकटीच कोर्लईला गेले. १७४० मध्ये चौल-रेवदंडा मराठ्यांकडे आलं, पोर्तुगीज निघून गेले. जमीन कसणारी गरीब ख्रिस्ती कुटुंबं मात्र मागेच राहिली आणि खाडीपलीकडे कोर्लईच्या किल्ल्याच्या पायथ्याशी वसली. पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली त्यांची बोली अजून घराघरांत बोलली जाते. राज्य गेलं, विश्वास राहिला. मिस्सा मराठीत झाली. नंतर अंगणात बायका आपल्या बोलीत बोलत उभ्या होत्या. मला त्यातलं काही कळत नव्हतं, तरी निघावंसं वाटेना. त्या रात्रीची चौकट माझ्या अक्षरात आहे: 'शेजारच्या बाईंनी गाण्याचं पुस्तक माझ्याकडे सरकवलं.'

तिथून पुढे खाडे आहेत, पण थोडे. काही ओळी नेमक्या नाहीत. त्या दिवशी मी घाईत होते हे उघड दिसतं. आईने त्या खोडायला लावल्या असत्या.

ऊन कलल्यावर कालनिर्णय पुसून पुन्हा वरच्या फळीवर ठेवले. मग भिंतीवरच्या २०२५ च्या चौकटीत लिहिलं: 'वाळवी खालच्या फळीपर्यंतच आली.'